काळजी करणें आणि काळजी घेणें

आपल्या मराठी भाषेंत 'काळजी' हा मोठा विलक्षण शब्द आहे. त्यास 'करणें' हें क्रियापद जोडलें म्हणजे एक अर्थ होतो आणि 'घेणें' हें जोडलें म्हणजे अगदीं निराळा. काळजी करणारा मनुष्य रात्रभर अंथरुणावर तळमळत राहतो. काळजी घेणारा मनुष्य दिवसा आपलें काम नेमानें उरकतो व रात्रीं स्वस्थ झोंपतो. हा भेद मीं वर्गांत कित्येक वेळां फळ्यावर लिहून दाखविला असेल. परंतु तो माझ्या स्वतःच्या अंगीं बाणण्यास मला एक दुखणें जडावें लागलें, आणि एका निरपराध विद्यार्थिनीवर माझ्या हातून अन्याय घडावा लागला. ती हकीकत निवेदन करून तीवरून जो विचार माझ्या मनांत दृढ झाला तो विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

त्या दुखण्याचें नांव मधुमेह. हा रोग आपल्या देशाला नवा नाहीं. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात अशा रोग्याचें वर्णन आपल्या प्राचीन वैद्यांनीं करून ठेविलें आहे, आणि 'मधुमेह' हें नांवहि त्यांचेंच. परंतु आज त्याचा जो विस्तार झाला आहे तो पाहून मन थक्क होतें. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १०.१ कोटि लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी सुमारें १३.६ कोटि लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणजे हा पाहुणा प्रत्येक घरांत नसला तरी प्रत्येक आळींत येऊन बसलेला आहेच.

माझ्या घरीं तो २०१९ सालच्या उन्हाळ्यांत आला. माझें वय तेव्हां एकेचाळीस होतें. सारखी तहान लागे, रात्रीं तीन-चार वेळां उठावें लागे, आणि सदरा अंगाला सैल होऊं लागला होता. मी तें सर्व उन्हाच्या माथीं मारीत होतों. शेवटीं पत्नीच्या आग्रहावरून रक्त तपासलें, तेव्हां उपाशीपोटीं साखर २१० निघाली. शंभर मिलिलिटर रक्तांत ती १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळली म्हणजे मधुमेह समजतात. डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या, आहार सांगितला, रोज चालण्यास सांगितलें. मीं मान डोलावली, आणि घरीं येऊन पहिली गोष्ट केली ती ही कीं, पत्नीला बजावलें, "हें कोणाला सांगूं नकोस." शिक्षकांच्या खोलींत मधल्या सुटींत जो चहा येई तो मी पूर्वींप्रमाणेंच साखरेचा पीत असें, कारण बिनसाखरेचा मागितला असता तर चार जणांनीं कारण विचारलें असतें. लौकिक सांभाळण्यासाठीं मनुष्य किती साखर पिऊं शकतो, याचा तो एक मासलाच होता!

पुढल्याच वर्षीं करोनाची सांथ आली. मधुमेह्यांना तो रोग अधिक जड जातो, हें वाक्य मीं वर्तमानपत्रांत वाचलें आणि त्या दिवसापासून माझी झोंप उडाली. शेजारीं कोणी शिंकलें तरी छातींत धस्स होई. प्रतिकारशक्ति वाढविणारें म्हणून जें जें कोणी सांगे तें तें मी घेऊं लागलों. आलें, तुळस, मिरीं व दालचिनी यांचा काढा दिवसांतून तीन वेळां. तो घशाखालीं उतरेना म्हणून त्यांत गुळाचा मोठा खडा. त्यावर चमचाभर मध. शिवाय दुकानांतून आणलेली एक गोड भुकटी. बाहेर जाण्याच्या भयानें चालणें बंद केलें. दवाखान्यांत जाण्याच्या भयानें तपासणी बंद केली. अशा रीतीनें चार महिने रोगाची अखंड काळजी केल्यावर जेव्हां रक्त तपासलें, तेव्हां गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारा जो आंकडा सातांच्या आंत असावा अशी डॉक्टरांची अपेक्षा होती, तो साडेदहा निघाला.

डॉक्टर हंसले नाहींत कीं रागावले नाहींत. ते म्हणाले, "सर, वाड्याच्या पहारेकऱ्यांना बळ यावें म्हणून तुम्हीं त्यांच्या वाटेवर पाक ओतून ठेविलात. आतां चोर आला तर त्यांनीं धांवावें कसें?"

या दृष्टांताचा अर्थ त्यांनीं मला नीट समजावून दिला. आपल्या रक्तांत पांढऱ्या पेशी असतात. जंतु शरीरांत शिरले कीं त्या तिकडे धांवतात, त्यांना वेढतात व गिळून नष्ट करतात. रक्तांतील साखर दीर्घकाळ फार वाढलेली राहिली म्हणजे या पेशींची धांव मंदावते आणि जंतु गिळण्याचें त्यांचें सामर्थ्यहि कमी पडतें. शिवाय बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यामुळें जखमेपर्यंत पुरेसें रक्त पोंचत नाहीं. आणि पायांच्या नसा बधिर होतात, त्यामुळें कांटा मोडला तरी कळत नाहीं. म्हणून मधुमेह्याची लहानशी जखम चिघळते, त्वचेचे व लघवीच्या मार्गाचे विकार पुन्हां पुन्हां उद्भवतात, आणि क्षयरोग होण्याचा संभव इतरांहून दोन ते तीन पट असतो. २०२१ सालीं करोनाच्या दुसऱ्या लाटेंत म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेली 'काळी बुरशी', हिनें महाराष्ट्रांत अनेकांचे डोळे व जबडे घेतले. तिला बळी पडलेल्यांत मधुमेह आटोक्यांत नसलेल्यांचा भरणा मोठा होता. करोनावर दिलेल्या स्टेरॉइड औषधांनीं त्यांची साखर आणखीच चढली होती.

हें ऐकून भीति वाटावी हें स्वाभाविक आहे. परंतु याच हकीकतीची दुसरी बाजू धीर देणारी आहे. पहारेकरी मेलेले नसतात; त्यांची वाट तेवढी चिकट झालेली असते. साखर ताळ्यावर आली कीं ते पुष्कळ अंशीं पुन्हां कामाला लागतात. तात्पर्य, मधुमेह्याची प्रतिकारशक्ति दुकानांतल्या डब्यांत नसते. ती त्याच्या ताटांत, त्याच्या चालण्यांत, त्याच्या औषधाच्या नेमांत आणि वेळेवर टोंचून घेतलेल्या लशींत असते.

'प्रतिकारशक्ति वाढवा' असा जो घोष आज जिकडे तिकडे ऐकूं येतो, त्याविषयीं आणखी एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. ही शक्ति म्हणजे कांहीं दिव्याची वात नव्हे कीं जितकी वर सारावी तितका उजेड अधिक पडावा. मुलांना बहुधा जो पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो, त्याचें मूळच या शक्तीच्या चुकीच्या वागण्यांत आहे. पोटांत स्वादुपिंड नांवाची एक ग्रंथि आहे. तिच्यांतील कांहीं पेशी इन्सुलिन नांवाचा रस तयार करतात, व त्याच्या योगें रक्तांतील साखर शरीराच्या कामीं येते. या मुलांच्या शरीराचे पहारेकरी भ्रमांत पडतात आणि आपल्याच घरच्या या पेशींना चोर समजून ठार करतात. मग इन्सुलिन बाहेरून टोंचून द्यावें लागतें, आणि तें जन्मभर द्यावें लागतें. यांत त्या मुलाचा दोष नसतो, आईनें दिलेल्या लाडवाचा नसतो, कीं कोणाच्या दृष्टीचा नसतो. माझ्यासारख्या प्रौढांस बहुधा होणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह निराळा. त्यांत इन्सुलिन असतें, पण शरीर त्यास पुरेशी दाद देत नाहीं; आणि आनुवंशिक कल, वाढलेलें पोट व बैठें जीवन यांचा त्यांत बराच हात असतो.

हा भेद मी पुस्तकांतून वेळेवर शिकलों असतों तर फार बरें झालें असतें. तो मला इयत्ता आठवीच्या एका मुलीनें शिकविला.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. जेवणाच्या सुटीच्या आधींचा तास चालूं होता. पहिल्या बांकावर बसणारी एक हुशार मुलगी त्या दिवशीं उत्तरें देईना. तिला उभें केलें तर ती भलतेंच कांहीं बोलली, आणि वर्ग हंसला. तिच्या कपाळावर घाम होता, हात कांपत होते. तें सर्व मीं पाहिलें. पण मला त्यांत केवळ बेफिकिरी दिसली. "घरीं पुस्तक उघडीत नाहींस, मग येथें अशी दशा होते," असें म्हणून मीं तिला तास संपेपर्यंत उभें राहण्याची शिक्षा दिली. पांच मिनिटांत ती बांकावर कोसळली. तेव्हां शेजारची मुलगी रडत रडत ओरडली, "सर, तिला साखर द्या! ती इन्सुलिन घेते!"

मी स्वतः मधुमेही. साखर फार उतरली म्हणजे घाम येतो, हातपाय कांपतात, बोलणें असंबद्ध होतें, हें मला डॉक्टरांनीं दोनदां सांगितलेलें. तरी डोळ्यांसमोर उभें असलेलें तें लक्षण मला ओळखतां आलें नाहीं. कारण एखाद्या मुलाला मधुमेह असेल ही कल्पनाच माझ्या मनाला शिवली नव्हती. सुदैवानें ती अर्धवट शुद्धीवर होती व गिळूं शकत होती. मैत्रिणीनें दप्तरांतून काढलेली साखरेची पुडी पाण्यांत कालवून तिला पाजली. पंधरा-वीस मिनिटांनीं ती उठून बसली, आणि पहिलें वाक्य बोलली तें हें: "सर, हें कोणाला सांगूं नका."

संध्याकाळीं तिची आई शाळेंत आली, तेव्हां सर्व उलगडा झाला. मुलीला हा आजार दोन वर्षांपासून होता. त्या दिवशीं सकाळीं इन्सुलिन घेऊन, उशीर झाला म्हणून अर्धी न्याहारी टाकून ती शाळेला आली होती. वर्गांत कांहीं तोंडांत टाकलें तर कारण सांगावें लागेल, म्हणून कंप सुटला तरी ती गप्प बसली. दुपारचें इन्सुलिनहि ती रोज संडासाला आंतून कडी लावून टोंचून घेत असे. जेथें आपण पाण्याचा पेलाहि ठेवणार नाहीं, तेथें ही पोर सुई काढीत होती!

"मुलीची जात, सर," ती माउली म्हणाली. "उद्यां चार ठिकाणीं बोलणीं करावीं लागतील. एकदां नांव झालें कीं कोण दारांत उभें करील? आणि हिला कोणाचा ताप-खोकला लागला तर, म्हणून मी रात्र रात्र जागी असतें."

मी म्हणालों, "ताई, मलाहि मधुमेह आहे. आणि मीहि तो इतकीं वर्षें लपविला आहे." हें वाक्य मीं शाळेच्या आवारांत त्या दिवशीं प्रथमच उच्चारलें. ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग हलकेच म्हणाली, "मग तुम्हांला तरी ओळखायला हवें होतें, सर." या वाक्याला माझ्यापाशीं आजहि उत्तर नाहीं.

त्या दिवसापासून माझें मत झालें आहे तें स्पष्ट सांगतों. मधुमेह्याचें जितकें नुकसान साखर करते, तितकेंच लपवालपवी करते. रोग लपविला कीं त्याची काळजी घेण्याचीं सर्व साधनें आपण आपल्याच हातांनीं दूर लोटतों, आणि मागें उरतें तें केवळ काळजी करणें. कोणी म्हणतील, लग्नाच्या बोलण्यांत आणि नोकरीच्या दारांत लोक किती निष्ठुर असतात, हें तुम्हांला काय ठाऊक? मला तें ठाऊक आहे, आणि त्या माउलीची भीति खोटी होती असें मी म्हणणार नाहीं. पण त्यावरचा उपाय मुलीला संडासांत कोंडणें हा नव्हे. लोकांचें अज्ञान घालविणें हा आहे, व त्या कामासाठींच शाळा असते.

ती गोष्ट उघड झाल्यावर एका पालकांनीं आपल्या मुलीचा बांक बदलावा अशी विनंति केली. त्यांना मीं जें सांगितलें तें सर्वांसाठीं येथें लिहितों. मधुमेह शेजारीं बसल्यानें, एका डब्यांत जेवल्यानें कीं हातांत हात घेतल्यानें लागत नाहीं. उलट आपल्या मुलाचा ताप-खोकला मात्र तिला लागूं शकतो, व तो तिला अधिक जड जाऊं शकतो. म्हणून बांक बदलण्यापेक्षां तापानें फणफणलेल्या मुलाला चार दिवस घरीं ठेवणें, हाच खरा शेजारधर्म आहे.

अशा मुलांना एका चौदा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगावी असें मला नेहमीं वाटतें. शंभर वर्षांपूर्वीं या रोगावर औषध नव्हतें. रोगी मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचें आयुष्य कांहीं काळ लांबवीत. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेंत बँटिंग व बेस्ट या दोघां तरुणांनीं कुत्र्यांच्या स्वादुपिंडांतून हा रस काढण्यांत यश मिळविलें, आणि पुढें कॉलिप या शास्त्रज्ञानें तो शुद्ध करण्याची रीत शोधली. ११ जानेवारी १९२२ रोजीं मरणोन्मुख झालेल्या लेनर्ड थॉम्प्सन नांवाच्या मुलाला इन्सुलिन प्रथम टोंचण्यांत आलें. पहिला प्रयत्न फारसा लागूं पडला नाहीं; बारा दिवसांनीं अधिक शुद्ध रस दिला, आणि मुलगा सांवरला. त्या शोधाचें स्वामित्व संशोधकांनीं टोरोंटो विद्यापीठाला केवळ एकेका डॉलरला देऊन टाकिलें. लेनर्ड पुढें तेरा वर्षें जगला, आणि १९३५ सालीं न्यूमोनियानें वारला. त्याच्या हातीं पेनिसिलिन नव्हतें, आजच्यासारखी न्यूमोनियाची लस नव्हती, घरच्या घरीं साखर मोजणारें यंत्र नव्हतें. आपल्या मुलांना हीं तिन्ही साधनें उपलब्ध आहेत. मग ज्याला लेनर्ड मुकला तें हातीं असतांना आपण केवळ भीत बसावें काय? बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन आहे, आणि योगायोगानें तोच आपला बालदिन आहे. त्या दिवशीं शाळाशाळांतून ही गोष्ट सांगितली जावी.

आतां काळजी घ्यावी ती कशी? पालकांनीं मुलाचा आजार वर्गशिक्षकांना लेखी कळवावा व दप्तरांत ग्लुकोजची किंवा साखरेची पुडी सदैव ठेवावी. साखर ७० च्या खालीं गेली, किंवा घाम व कंप सुटला, तर तीन लहान चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. मात्र मूल बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींहि न घालतां तत्काळ दवाखान्यांत न्यावें. ताप आला, जेवण जाईना, म्हणून इन्सुलिन आपल्या मनानें बंद करूं नये. आजारांत साखर बहुधा वाढते. तेव्हां ती अधिक वेळां तपासावी आणि डॉक्टरांना विचारावें. फ्लूची लस दरवर्षीं व न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तेव्हां घ्यावी. रोज रात्रीं पाय धुवून, पुसून तळवे न्याहाळावे. घरीं फ्रिज नसेल तर इन्सुलिन ओलसर मातीच्या मडक्यांत कसें थंड ठेवावें, हें डॉक्टरांकडून समजून घ्यावें. शाळेनें इन्सुलिन घेण्यास स्वच्छ जागा द्यावी व भूक लागली असतां वर्गांत खाण्याची मोकळीक द्यावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०१७ सालींच आपल्या परीक्षांत अशा विद्यार्थ्यांना खाऊ व पाणी जवळ बाळगण्यास परवानगी दिली. परीक्षेंत जें चालतें तें रोजच्या तासाला कां चालूं नये?

माझी भीति समूळ गेली असें मी म्हणत नाहीं. पावसाळ्यांत अर्धा वर्ग खोकूं लागला म्हणजे मनांत पाल चुकचुकतेच. पण आतां ती चुकचुकली कीं मी खिडक्या उघडतों, तोंडाला मुखपट्टी बांधतों, हात धुतों, आणि घरीं गेल्यावर साखर मोजतों. मनुष्याच्या हातीं जेवढें आहे तेवढें केल्यावर उरलेलें त्यानें देवाच्या हातीं सोंपवावें. कांहींच न करितां सोंपविणें ही श्रद्धा नव्हे, तो आळस होय.

शिक्षकांच्या खोलींत मीं पहिल्यानें उघडपणें बिनसाखरेचा चहा मागितला, त्याच आठवड्यांत आणखी दोघां सहकाऱ्यांनीं तसाच मागितला. तेहि कित्येक वर्षें माझ्यासारखेच गोड पीत होते! आणि ती मुलगी आतां दहावींत आहे. जेवणाच्या सुटीपूर्वीं ती हात वर करते, मी मान हलवितों, आणि ती आपली पेटी घेऊन कार्यालयाशेजारच्या खोलींत जाते. पहिले कांहीं दिवस सारा वर्ग वळून तिच्याकडे पाहत असे. आतां कोणीहि पाहत नाहीं.